विहीर समाईक

४ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू विचारतेस ‘कशा आहात’, मी म्हणते ‘बरी आहे’, मग दोघी मिळून नाकं ओढत बसतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. कागदावर निदान नाकाचा आवाज येत नाही.

तर ऐक. परवा मी कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. घटस्फोटाचा आणि मालमत्तेच्या वाटणीचा. तुझ्या दादापासून वेगळी राहायला लागून आता वर्ष होईल. शिंप्याच्या दुकानावरच्या ह्या दोन खोल्यांत मी बऱ्यापैकी रुळलेय. खाली दिवसभर मशीन चालते. आधी डोकं उठायचं, आता सुट्टीच्या दिवशी ती बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

घर का सोडलं ते तुला मी कधी धड सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा ‘पटत नाही’ म्हणून मोकळी झाले. झालं असं, की त्या दिवशी मी रोपवाटिकेच्या मागच्या तुकड्यात मातृवृक्षांच्या काड्या काढत होते. ज्या जुन्या लिंबांवरून काड्या घेऊन आपण सगळी कलमं बांधतो, तीच झाडं. तेवढ्यात दोन माणसं टेप घेऊन आली आणि झाडांमधून मापं घ्यायला लागली. म्हटलं, “काय हो, कसलं माप?” तर त्यातला एक म्हणाला, “इथे गोदाम होतंय ना, बाई. तुम्ही इथे कामाला आहात का?”

मी तशीच हातात कात्री घेऊन तुझ्या दादाकडे गेले. तो म्हणाला, “सांगणारच होतो. नुसतं बोलणं चाललंय अजून. आणि जागेच्या व्यवहारातलं तुला काय कळतंय?”

खारूताई, भांडण मी पचवते. गेली काही वर्षं आम्ही झाडं आणि पाणी सोडून दुसरं बोलत नव्हतो, तेही पचवलं. पण ती झाडं तोडायला निघालास आणि वर मलाच विचारतोस काय कळतंय? त्या दिवशी पिशवी भरली.

जमीन, घर, टेंपो, सगळं त्याच्या नावावर आहे. वकीलबाई म्हणाल्या, “नाव कुणाचं हे कोर्ट बघतं, पण तिथेच थांबत नाही.” निकाल लागेपर्यंत मागचा तुकडा विकता येऊ नये म्हणून मनाईहुकूमही मागितलाय.

तो तुझा सख्खा भाऊ आहे. आईबाबांच्या मागे त्याने तुला वाढवलं. तेव्हा तू ह्यात पडू नकोस. तुला कुणाचीच बाजू घ्यायची गरज नाही. फक्त पत्रांना उत्तर देत जा.

तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून पहिल्यांदा रागच आला. म्हणे ‘तो तुझा सख्खा भाऊ.’ आणि तुम्ही कोण? शेजारच्या काकू? तुम्ही लग्न होऊन घरात आलात तेव्हा मी दोन वेण्या घालून दारामागे उभी होते आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे, पेन्सिलीचे तुकडे आणि एक मेलेला भुंगा होता. तुम्ही तो भुंगासुद्धा फेकायला लावला नाहीत. खारूताई हे नाव त्या दिवशीच पडलं. दादा मला अजूनही ‘ए’ म्हणतो.

तेव्हा ‘पडू नकोस’ म्हणू नका. मी पडलेलीच आहे.

आता दुसरं. दादाचा फोन आला होता. आवाज बसलेला. म्हणाला, “तुझी वहिनी मला घराबाहेर काढायला निघालीय. आईबाबांच्या घरातून. नोटिशीत पहिलं कलम घराचं आहे, वाचून दाखवू का?” मी म्हटलं, नको.

वहिनी, तुम्हाला घर हवंय का? हवं असेल तर हवं म्हणा. इतकी वर्षं तुम्ही ते झाडलंत, रंगवलंत, मी ऐकून घेईन. पण त्या घराच्या भिंतीवर माझ्या उंचीच्या रेघा आहेत. त्याचं काय होणार हे मला नोटिशीतून कळायला नको होतं.

इथे आमचं नेहमीचंच. दंतवैद्य मापं पाठवतात, आम्ही कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांना हसण्यासाठी दात तयार करते आणि स्वतःचे आवळून बसते.

खारूताई

२७ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

मला घर नको. आधी हे वाच, मग बाकीचं.

अर्जात सगळीच मालमत्ता दाखवावी लागते, म्हणून घर आहे. यादीत ते पहिलं आलं कारण टाइप करणाऱ्याने तसं घातलं. माझ्या डोक्यात घर कधीच नव्हतं. ते तुमच्या आईबाबांचं आहे. मला रोपवाटिकेतला माझा वाटा हवाय, आणि त्यातही ती मागची झाडं. लग्नानंतर कर्ज काढून तो माळ घेतला तेव्हा तिथे काटे आणि दगड ह्यांखेरीज काय होतं? तू पाहिलंयस.

पण हे दादाला सांगू नकोस. वकीलबाईंनी बजावून ठेवलंय, आपले पत्ते आधी उघडे करायचे नाहीत. घर नको म्हटलं की पलीकडचे वकील म्हणतील, बाईंना काहीच नको. तेव्हा तोंडाला कुलूप लाव. तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.

त्याचं उत्तर कोर्टात आलं. त्यात लिहिलंय की रोपवाटिका त्याने एकट्याने उभी केली आणि ‘पत्नीने अधूनमधून मदत केली.’

अधूनमधून!

वकीलबाई वाचत होत्या आणि मी माझ्या बोटांकडे बघत होते. कलमांचे डोळे भरायच्या चाकूने अंगठ्याला जो कायमचा घट्टा पडलाय तो अधूनमधून पडत नाही. घरी आले आणि शिंप्याच्या बायकोने ‘काय झालं’ विचारलं, तर तिच्यावरच खेकसले. नंतर तिच्या कुंडीतल्या मरगळलेल्या गुलाबाची छाटणी करून दिली, तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

तुझी,
वहिनी

१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

दीड महिना लिहिलं नाही. रागावला नसाल, पण काळजी केली असेल. कुलूप लावून बसले होते. पत्र लिहिलं असतं तर ते उघडलं असतं.

आता मात्र लिहायलाच हवं. मला समन्स आलंय. दादाने मला साक्षीदार केलंय, त्याच्या बाजूने.

तो फोनवर म्हणाला, “तू खोटं काहीच बोलायचं नाहीयेस. विहीर कुणी खणली, कर्जाचे हप्ते कुणी भरले, एवढंच सांगायचं. तू तिथेच होतीस.” आणि ते खरंच आहे वहिनी. मी तिथेच होते. पण मला तेवढंच विचारतील, आणि मी तेवढंच खरं सांगितलं तर ते खोट्यापेक्षा वाईट होईल.

नाही म्हणावं तर दादाला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. हो म्हणावं तर तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ? बरं, मला प्रत्यक्ष यायचंही नाही. रजा मिळत नाही म्हणून इथल्या कोर्टातल्या पडद्यावरून साक्ष द्यायची परवानगी मिळालीय. म्हणजे तुमचे चेहरेसुद्धा नीट दिसणार नाहीत.

काल एका कवळीत समोरचे दोन दात उलटसुलट बसवले. साहेबांनी ती माझ्या समोर धरली आणि म्हणाले, “हे गृहस्थ शिट्टी वाजवत फिरतील.” सगळे हसले. मला रडू आलं.

मी काय करू?

खारूताई

२६ एप्रिल

प्रिय खारूताई,

जे पाहिलंस ते सांग. माझ्यासाठी एक शब्द वाढवू नकोस आणि त्याच्यासाठी एक शब्द गाळू नकोस. त्याचे वकील विचारतील तेवढ्याचं उत्तर दे, आमच्या वकीलबाई विचारतील तेवढ्याचं दे. काय बोलणार ते मला आधी कळवू नकोस, त्यालाही नको.

माझ्यासमोर तू आहेस त्याच तोंडाने ये. दुसरं कुठून आणशील? तुमच्याकडे बनत असेल म्हणा.

नीट जेवून जा. रिकाम्या पोटी तू फार बोलतेस.

तुझी,
वहिनी

२१ मे

प्रिय खारूताई,

तुझा पडदा बंद झाला आणि तुला वाटलं असेल, संपलं. इकडे खोलीत काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तू पडद्यावर आलीस तेव्हा तुझं नुसतं कपाळ दिसत होतं. कारकून म्हणाला, “मॅडम, जरा मागे सरका.” तू इतकी मागे सरकलीस की भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं. मला हसू आलं. समोर बघितलं तर तुझ्या दादाच्याही ओठांचा कोपरा हलला होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनी लगेच फायलींकडे पाहिलं.

त्याच्या वकिलाने विहिरीचं विचारलं. तू म्हणालीस, “दादाने खणली. खडक लागला तेव्हा मजूर सोडून गेले. मग तो एकटा उतरायचा, आणि मी काठावरून ओरडून विचारायचे, पाणी लागलं का? तो म्हणायचा, लागेल. आई गेल्यापासून दादा हसला नव्हता. पाणी लागलं त्या दिवशी तो चिखलाने माखून वर आला आणि हसला.”

खारूताई, मला हे माहीत होतं. मीच त्याचे हात कोमट पाण्यात धरून बसत होते तेव्हा. पण अर्ज करताना त्यात विहिरीचं कुठे नव्हतं. वकीलबाईंनी विचारलं नाही आणि माझ्या मनातही आलं नाही. रागाच्या भरात माणसाला फक्त स्वतःचे घट्टे दिसतात.

मग आमच्या वकीलबाई उठल्या. “तुमच्या वहिनी काय करत होत्या?”

“कलमं बांधत होत्या. मी शाळेला जायच्या आधी त्यांना कलमावर गुंडाळायच्या पट्ट्या कापून द्यायचे. पहिल्या वर्षी सगळी कलमं मेली. दादा म्हणाला, नाद सोड. त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या वर्षी अर्धी जगली. त्यावर कर्जाचा हप्ता गेला आणि माझी फी भरली.”

“त्यांना ह्या कामाचा मोबदला मिळायचा?”

तू हसलीस. “वहिनींना चपला घ्यायच्या असल्या तरी हंगाम संपायची वाट बघायला लागायची.”

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, की तुमच्या मते ही रोपवाटिका कुणाची. त्याचे वकील हरकत घ्यायला उठणारच होते, पण तू त्यांना उठूच दिलं नाहीस. “पाणी दादाचं आणि हिरवं वहिनींचं. आता त्यातून काय वेगळं काढायचं ते तुम्ही बघा. मला ते दोन्ही मिळालं, म्हणून मी शिकले.”

न्यायाधीशबाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तुझ्या दादाच्या वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. पुढचे प्रश्न झालेच नाहीत.

बाहेरच्या व्हरांड्यात लांबलचक बाकं आहेत. सगळी जोडपी एकेका टोकाला बसतात आणि मधे नुसता वारा. मी माझ्या टोकाला बसले होते. तो यंत्रावरचा चहा घेऊन आला, दोन कागदी पेले. एक माझ्यापुढे धरला.

“साखर नाहीये.”

“चालेल.”

बसला नाही, उभाच राहिला. मग म्हणाला, “विहिरीचं इतक्या वर्षांत कुणी काढलं नव्हतं.”

मी म्हटलं, “कलमांचंही कुणी काढलं नव्हतं.”

“ते ‘अधूनमधून’ वकिलाचं होतं.”

“खाली सही तुझी होती.”

“हो,” म्हणाला.

नुसतं ‘हो’. त्यापुढे ‘पण’ नाही आलं. तुझा दादा ‘पण’ न लावता हो म्हणाला, हे मी संसारात पहिल्यांदा ऐकलं. संसार संपल्यावर का होईना.

दुपारी दोन्ही वकिलांनी मिळून मध्यस्थाकडे जायची तारीख मागितली. मागणी त्याच्याकडून आली.

तुझी,
वहिनी

२ जून

प्रिय वहिनी,

मी एक गुन्हा केलाय. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर विचारतो, “ती वाळलीय ना? जेवते की नाही नीट?” मी म्हटलं, तू समोर बसला होतास, मी घड्याळाखाली होते, मला काय विचारतोस? मग म्हणाला, “घर गेलं तर मी कुठे राहीन ते बघतोय. बाजारापाशी एक खोली आहे.”

वहिनी, तो खरंच खोली बघून आला होता. मागची जागा गोदामाला विकायची ती टूमसुद्धा त्याने का काढली माहीत आहे? उरलेलं कर्ज एकदाचं संपवून मोकळं व्हायचं होतं त्याला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही. ही अक्कल! पण ते ऐकून माझं कुलूप काही टिकलं नाही. मी सांगून टाकलं, “वहिनींना घर नकोय.”

तो म्हणाला, “मग हे आधी का नाही सांगितलं?”

मी म्हटलं, “तू विचारलंस का?”

झालं. एवढंच बोलणं. फोन ठेवला नाही त्याने, नाक ओढत होता. आपल्या घराण्याचा तो रोगच आहे.

तुमच्या वकीलबाईंची माझ्यातर्फे क्षमा मागा. पत्ते मी उघडे केले.

खारूताई

८ जुलै

प्रिय खारूताई,

वकीलबाई तासभर फणकारल्या. मग म्हणाल्या, “ही मुलगी दोन्ही बाजूंना नसती तर खटला पाच वर्षं चालला असता.” तेव्हा तुला माफी आहे.

आता मध्यस्थाचं सांगते. टकलू, शांत गृहस्थ. बोलायच्या आधी टेबलावरची सगळी पेनं एका रेषेत लावतात. आमचं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “घराचा वाद दिसत नाही. राहिली रोपवाटिका. एकाने दोन वाटे पाडायचे, दुसऱ्याने त्यातला एक उचलायचा. पाडणार कोण?”

मी तोंड उघडायच्या आत तुझा दादा म्हणाला, “ती पाडेल. झाडं तिला माहीत आहेत.”

मध्यस्थांच्या दृष्टीने ते साधं वाक्य होतं. मी मात्र पर्स उघडून त्यात उगाच काहीतरी शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी मी वर्षाहून जास्त काळाने रोपवाटिकेत पाऊल टाकलं. तण माजलंय, पण शेडनेटची भोकं शिवलेली होती. मागे गेले. झाडं उभी होती, सगळी. आळी केलेली, पाणी दिलेलं. तिथेच बाजूला एक वाफा दिसला. त्यात ओळीने कलमं बांधलेली आणि झाडून सगळी वाळलेली. बघितलं तर पट्टी उलटी गुंडाळलेली, वरून खाली. म्हणजे पाणी नेमकं जखमेत जाणार. मी वळले तर तो मागे उभा.

“बघून बघून येईल वाटलं होतं,” म्हणाला.

मी खुंटावरची एक पट्टी सोडली, खालून वर गुंडाळून दाखवली आणि पुढे गेले. घटस्फोट चालू असताना शिकवणी किती घ्यायची, त्यालाही काही हद्द असते.

मग मी रेघ आखायला लागले, चुन्याची. रस्त्याकडे विक्रीची शेड, गुलाब, कुंड्या, नवं शेडनेट. मागे मातृवृक्ष, कलमांसाठी लावलेल्या खुंटरोपांचे वाफे, जुनी शेड. पहिल्यांदा आखली ती मला झुकतं माप देणारी होती, पुसली. दुसऱ्यांदा चांगुलपणा दाखवायला त्याच्याकडे झुकवली. तीही पुसली, कारण तो चांगुलपणा मला महिन्याभरात बोचला असता. शेवटी अशी आखली, की तो कुठलाही तुकडा उचलो, मला अन्याय झाला म्हणता येणार नाही. तशी रेघ आखायला संध्याकाळ झाली. आणि ती रेघ सरळ विहिरीवर गेली. अलीकडे घेऊन बघितली, पलीकडे घेऊन बघितली. विहीर ज्याच्याकडे जाईल त्याचा वाटा वाटा, आणि दुसऱ्याचा माळ.

मध्यस्थांपुढे मी तो नकाशा ठेवला. मूल्यांकनाला आलेल्या बाई म्हणाल्या, रस्त्याकडचा भाग थोडा सरस आहे, फरक दुसरीकडून भरून काढावा लागेल. मध्यस्थ दादाला म्हणाले, “विचार करायला आठवडा घ्या.”

मातृवृक्षांवर त्याने बोट ठेवलं असतं तर मी आखलेलीच रेघ, तक्रार कुणाकडे करणार?

तो म्हणाला, “आठवडा कशाला? मला कलम येत नाही आणि तिला गिऱ्हाईक येत नाही. रस्त्याकडचं मला.”

मी म्हटलं, “मला गिऱ्हाईक येत नाही म्हणजे काय?”

“मागच्या वेळी एका माणसाला तू तोंडावर सांगितलंस, ‘तुमच्याकडे हे झाड जगणार नाही.’ तो पैसे काढून उभा होता.”

“नसतंच जगलं.”

“तेच सांगतोय,” तो म्हणाला, आणि मध्यस्थांना हसू आवरेना.

विहिरीपाशी मात्र घोडं अडलं. वकिलांनी पाणी लिटरमध्ये मोजायच्या गोष्टी काढल्या. मग तोच म्हणाला, “विहीर समाईक लिहा. सकाळचा पंप माझा, संध्याकाळचा तिचा. दुरुस्ती निम्मी निम्मी. उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर आधी मागची झाडं.” हे शेवटचं त्याने इतकं पटकन म्हटलं की लेखनिकाला परत विचारावं लागलं.

बाकीचं थोडक्यात. घर त्याचं. उरलेलं कर्ज निम्मं निम्मं. वरची खोली रोपवाटिकेच्या कमाईतून बांधली होती, तेवढी हिशेबात धरली. सगळा फरक मिळून टेंपो माझ्याकडे आला आणि उरलेलं तो हप्त्यांनी देणार. दोघांपैकी कुणाला आपला तुकडा विकायचा झाला तर आधी दुसऱ्याला विचारायचं. टेप घेतलेली माणसं पुन्हा अचानक उगवायची नाहीत.

आता कोर्टाचा शिक्का बाकी आहे.

तुझी,
वहिनी

३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्र मी कामावर वाचलं. ‘आधी मागची झाडं’पाशी आले आणि उठून हात धुवायला गेले. साहेब म्हणाले, “आता कुणाला शिट्टी वाजवायला लावलीत?” म्हटलं, नाही साहेब, आज सगळे दात जागच्या जागी आहेत.

मला वाटायचं, दोघांपैकी एकजण हरला की हे संपणार. कुणीच हरलं नाही असं कसं झालं, ह्याचा मी विचार करतेय. आणि मला वाईटही वाटतंय, खोटं कशाला बोलू? इतकं नीट वाटून घेता येतं तर एकत्र का नाही राहता आलं, असं वाटतं. उत्तर देऊ नका. मला माहीत आहे, हे प्रश्न लहान मुलं विचारतात.

एक खरा प्रश्न आहे. घटस्फोट मंजूर झाला की मी तुम्हाला काय म्हणायचं? ‘माजी वहिनी’ हे माजी नगराध्यक्षांसारखं वाटतं. ‘ताई’ म्हणून बघितलं आरशापुढे, जीभ वळेना. ‘मावशी’ म्हटलं तर तुम्ही माराल. काय म्हणू ते कळवा, पाकिटावर लिहायलाही अडतं.

खारूताई

१७ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी आम्हाला एकेकट्याला आत बोलावून विचारलं, हे सगळं राजीखुशीने करताय ना? मी हो म्हटलं. मग सही केली. तू विचारलंस त्याचं उत्तर नको म्हणालीस, तरी देते. एकत्र राहताना आम्ही वाटलं कधीच नाही, ना काम, ना श्रेय, ना काळजी. ज्याच्या हाताला जे लागलं ते तो ओढत राहिला. वाटायला बसलो तेव्हा पहिल्यांदा एकमेकांच्या हातात काय आहे ते बघितलं. तोवर उशीर झाला होता. पण अगदीच फुकट नाही गेलं.

निकालपत्रात एक ओळ आहे, ‘सदर रोपवाटिका उभयतांच्या श्रमातून उभी राहिली आहे.’ वकीलबाई म्हणाल्या, ही भाषा नेहमीचीच असते. असू दे. मी ती शिंप्याच्या बायकोला वाचून दाखवली.

मागच्या बाजूने माझं फाटक बसलं. निळं रंगवलंय. खोल्या सोडून आता जुन्या शेडशेजारी एक खोली बांधायला काढलीय. टेंपो चालवायला शिकतेय. उलटा घेताना परवा तुझ्या दादाच्या कुंड्या फोडल्या. तो धावत आला, कुंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आरशात बघून घे ना!” मग शांतपणे खापऱ्या गोळा करायला लागला. भरून देते म्हटलं तर म्हणाला, “हप्त्यातून कापून घेतो.” आणि कालच त्याने एक मोठं गिऱ्हाईक इकडे धाडलं. एका शाळेला आवारभर लिंबं लावायची आहेत. मी त्यांना जमीन न बघताच झाडं जगणार नाहीत असं सांगायला निघाले होते. जीभ चावली. आता जाऊन जमीन बघून आलेय. जगतील.

एवढी कलमं एकटीने बांधून होणार नाहीत. दोन बाया ठेवल्यात, पण पट्ट्या कापायला तुझ्यासारखा हात नाही. टेबलापाशी बसून दात घडवणाऱ्या बाईला माती चालत असेल तर रजा काढून ये. दादाकडे उंचीच्या रेघांची भिंत आहे, झोपायला तिकडे जा, त्यालाही बरं वाटेल. जेवायचं तुझं तू ठरव. कामाला मात्र माझ्याकडे.

आणि पाकिटाचं. मी निकालपत्र दोनदा वाचलं, नीट, ओळीवर बोट ठेवून. जमीन आहे, घर आहे, टेंपो आहे, पंपाच्या वेळा आहेत. तुझं माझं नातं कुठेही कुणाला दिलेलं नाही, की काढून घेतलेलं नाही. तेव्हा न्यायालयाची हरकत दिसत नाही.

तुझी,
वहिनी